लिव्हर हँडलला टेकतो, डिस्क किंचाळते : माउंटन बाइकचा ब्रेक बदलायचा की दुरुस्त करायचा?

तुमच्या तीन तक्रारी आहेत. मागचा लिव्हर पहिल्या दाबाला थेट हँडलपर्यंत येतो आणि दोनतीनदा दाबल्यावरच घट्ट होतो. मागचीच डिस्क उतारावर किंचाळते, पण चाक मात्र नीट थांबत नाही. आणि पुढचं चाक पंक्चरसाठी काढून परत बसवल्यापासून पुढची डिस्क घासते. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत, चाक काढताना सायकल उलटी केली होती, आणि आता दोन्ही ब्रेक संपूर्ण बदलायचा सल्ला तुम्हाला मिळालाय.

अजून काहीही विकत घेऊ नका. या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचं कारण बहुधा वेगळं निघेल. पुढचं घासणं ही जुळवणीची गोष्ट आहे. मागचं किंचाळणं म्हणजे डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या पॅडला जवळपास नक्की तेल लागलंय. लिव्हर मऊ होणं म्हणजे आत हवा आहे, नाहीतर पॅड संपलेत. यातल्या एकाही कारणासाठी अख्खा ब्रेक फेकावा लागत नाही. मोठा भाग बदलावा लागू शकतो अशी एक मुख्य स्थिती आहे, ती म्हणजे कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून पॅडने धरणारा भाग) पिस्टनमधून, म्हणजे पॅड ढकलणाऱ्या त्याच्या दट्ट्यांमधून, होणारी गळती. ती आहे की नाही हे पॅड काढले की पाच मिनिटांत कळतं. तोवर ही सायकल उतारावर नेऊ नका. सपाट रस्त्यावरही मागचा ब्रेक नाही असं धरूनच चालवा.

पुढच्या घासण्यापासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढीच असते. चाक केसभर तिरकं बसलं तरी डिस्क पॅडला लागते. म्हणून आधी कॅलिपरला हात लावू नका. सायकल चाकांवर सरळ उभी करा, एक्सल सैल करा, वरून हँडलवर वजन द्या म्हणजे चाक फोर्कमध्ये पूर्ण खाली बसेल, आणि मग एक्सल घट्ट करा. निम्म्या वेळा घासणं इथेच थांबतं.

नाही थांबलं, तर कॅलिपर मध्यावर आणायचा. कॅलिपर धरून ठेवणारे दोन बोल्ट अर्धाएक फेरा सैल करा, इतके की कॅलिपर हाताने डावीउजवीकडे सरकेल. लिव्हर जोरात दाबून धरा, म्हणजे कॅलिपर आपोआप डिस्कवर मध्यात येतो. लिव्हर न सोडता दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत न्या. पुस्तकात हे इथेच संपतं, प्रत्यक्षात नाही. शेवटचा पाव फेरा आवळताना बोल्टचं डोकं कॅलिपरला स्वतःबरोबर किंचित फिरवतं आणि घासणं परत येतं. तेव्हा कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरा आणि फटीतून बघा : डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. ज्या बाजूला रेघ नाही, तिकडून कॅलिपर दूर ढकलायचा. एक बोल्ट घट्ट ठेवा, दुसरा जेमतेम सैल करा, अंगठ्याने ढकला, आवळा. शिमानोच्या ब्रेकला हे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळतात. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत, ते बघून घ्या. जास्त जोर लावला की आटे जातात, आणि आटे फोर्कमधले असतील तर ते काम ब्रेकपेक्षा महागात पडतं.

चाक फिरवताना सतत न घासता फेऱ्यातून एकदाच ‘श्श’ असा आवाज येत असेल, तर दोष कॅलिपरचा नाही, डिस्क वाकडी आहे. वाकडी जागा शोधून तिथे पेनाने खूण करा आणि डिस्क सरळ करायच्या खाचेच्या हत्याराने अगदी हलका बाक द्या. ते नसेल तर स्वच्छ जबड्याचा छोटा ॲडजस्टेबल पाना चालतो. एका वेळी थोडंच वाकवा आणि पुन्हा फिरवून बघा. डिस्क उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचं तेलही पॅड बिघडवायला पुरतं, आणि फिरणाऱ्या डिस्कच्या भोकांत बोट गेलं तर ते तुटू शकतं.

आता मागचा ब्रेक. खरं काम इथे आहे.

चाक काढा. चाक बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबला जाऊ नये म्हणून दोन पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी घाला. नव्या ब्रेकबरोबर पिवळा किंवा लाल ठोकळा येतो तो याचसाठी असतो. मग पॅड धरणारी पिन किंवा बोल्ट काढा. त्याच्या टोकाला एक बारीक क्लिप असते, ती उडून जमिनीवर हरवते, म्हणून खाली कापड पसरा. पॅड आणि त्यांच्यामधली पत्र्याची स्प्रिंग एकत्र बाहेर येईल. ती कशी बसली होती याचा फोटो आधीच काढून ठेवा.

पॅड हातात आले की तीन गोष्टी बघायच्या. पहिली, जाडी. पोलादी पाठीवर घर्षणाचा जो थर असतो तो शिमानोच्या पॅडवर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड संपला. स्रामचं मोजमाप वेगळं आहे : पाठ आणि थर मिळून ३ मिलिमीटरपेक्षा कमी झालं की बदलायचं. मी स्वतः थर एक मिलिमीटरवर आला की बदलतो, कारण लांब उतारावर आणि चिखलात उरलेला अर्धा मिलिमीटर बघता बघता जातो. दुसरी, पॅडचा चेहरा. तो मंद, एकसारखा करडा असावा. काचेसारखा चकचकीत असेल तर तापून गुळगुळीत झालाय. काळपट, ओलसर डाग असतील तर तेल आहे.

तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत आणि निदान तिथेच असतं : पॅडची पाठ. पाठीवर पिस्टन टेकतो त्या गोल जागेवर पांढरा टिशू दाबा. पाठ कोरडी आणि चेहरा तेलकट, तर तेल बाहेरून आलंय. चेनवर मारलेला स्प्रे हे नेहमीचं कारण. स्प्रेचा धुरळा मागच्या डिस्कवर बसतो. चेनला तेल द्यायचं ते थेंबाने, एकेका कडीवर, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. पाठ मात्र ओली असेल, टिशूवर तेलाची गोल खूण उठत असेल, तर पिस्टनभोवतीचं रबरी सील गळतंय. मग पुढचं सगळं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

तेलकट झालेले पॅड वाचवायचे असंख्य उपाय सांगितले जातात. घासा, उकळा, भट्टीत घाला, गॅसवर जाळा. मी ते कुणालाच सुचवत नाही. पॅडचा थर सच्छिद्र असतो आणि तेल आतपर्यंत मुरतं. जाळल्यावर दोन दिवस बरं वाटतं, मग तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं, आणि ते नेमकं उतारावर. शिवाय फार तापवल्याने थर पाठीपासून सुटू शकतो. नवे पॅड आणा. चकचकीत पण कोरडे पॅड मात्र बारीक सँडपेपर सपाट काचेवर ठेवून हलके घासले तर सुधारतात. घासताना धूळ नाकात जाऊ देऊ नका.

डिस्क वाचते, कारण ती धातूची आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड घ्या, कापडाची बाजू बदलत पुसत राहा, कापड काळं येणं थांबेपर्यंत. रॉकेल, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे यांतलं काहीही नको, ते मागे पातळ थर ठेवतात. पुसतानाच डिस्कची जाडी तपासा. शिमानोच्या डिस्क नव्या असताना १.८ मिलिमीटर असतात आणि १.५ ला बाद होतात. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियरने मोजताना एक फसगत होते : बाहेरची कड झिजत नाही, जबडा त्या कडेवर टेकला की आकडा चांगला येतो. म्हणून घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावरच मोजा, मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम. तेही नसेल तर नखाने बघा, कडेला पायरी लागली की डिस्क झिजत आलीय हे समजा.

नवे पॅड घेताना आकार तुमच्या कॅलिपरचाच हवा, एवढं तर दुकानदारही बघतो. थर कोणता हे तुम्ही ठरवा. रेझिनचे पॅड पहिल्या क्षणापासून पकडतात, आवाज कमी करतात, पण चिखलात आणि उष्णतेत लवकर झिजतात. धातूचे पॅड पावसात आणि लांब उतारावर टिकतात, पण थोडे तापल्यावर खरे पकडतात आणि आवाज जास्त करतात. काही डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं लिहिलेलं असतं. तो धातू मऊ असतो, धातूचे पॅड तो खाऊन टाकतात. तुमची डिस्क आधी वाचा.

पॅड घालण्यापूर्वी पिस्टनकडे लक्ष द्या. जुने पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येत राहतात, म्हणून नव्या जाड पॅडसाठी ते आत ढकलावे लागतात. ढकलण्याआधी पुसा. कानकोरणीच्या कापसाला अल्कोहोल लावून पिस्टनच्या कडेची मळी काढा, नाहीतर ती सीलच्या आत जाते. ढकलायला प्लॅस्टिकचा टायर लिव्हर वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. शिमानोच्या बऱ्याच कॅलिपरमध्ये पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि कोपऱ्याने दाबले की तडकतात. एक पिस्टन सहज जातो आणि दुसरा अडतो, हे फार दिसतं. अडलेला मोकळा करायचा तर मोकळा पिस्टन पट्टीने दाबून धरा, लिव्हर हलकेच दाबून अडलेला थोडासा बाहेर आणा, कडेला ब्रेकमध्ये आहे त्याच तेलाचा एक थेंब लावा, परत आत ढकला. दोन्ही पिस्टन सारखे हलू लागेपर्यंत हे करा, मग सगळं अल्कोहोलने कोरडं पुसा. एक पिस्टन पूर्ण बाहेर येईल इतकं मात्र दाबू नका.

आता मऊ लिव्हर. इथे बोटांना काय जाणवतं ते महत्त्वाचं. लिव्हर हँडलच्या जवळ येतो पण शेवटी दगडासारखा घट्ट लागतो, तर पॅड झिजलेत किंवा पिस्टन फार आत आहेत, हवा नाही. चाक बसवून लिव्हर पंधरावीस वेळा दाबला की तो जागेवर येतो आणि तिथेच राहतो. लिव्हर शेवटपर्यंत लुसलुशीत लागतो, पंप केल्यावर घट्ट होतो आणि थोडं थांबलं की पुन्हा मऊ, तर आत हवा आहे. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून तुमच्या बोटांचा जोर हवेचा बुडबुडा चेपण्यात खर्च होतो. आणि लिव्हर जोरात दाबून धरल्यावर हळूहळू हँडलकडे सरकत जातो, तर कुठेतरी सील सोडतंय.

तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं, आणि सायकल उलटी केली होती हा त्यातला धागा आहे. लिव्हरच्या आत तेलाची छोटी टाकी असते. पॅड झिजतात तशी तिची पातळी उतरते आणि वरच्या बाजूला हवा साठते. सायकल सरळ असताना ही हवा काही करत नाही. उलटी केली की हवा नळीच्या तोंडाशी येते, आणि त्यात लिव्हर दाबला गेला तर सरळ आत जाते. कधी कधी सायकल रात्रभर सरळ उभी ठेवून सकाळी लिव्हर हलके हलके दाबल्यावर ती परत वर निघून जाते. आधी हे करून बघा. पण गेली तरी टाकी रिकामी आहे हे कळलंच, तेव्हा ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा आणि जुनं तेल काढून नवं भरणं, करायला झालंय.

ब्लीडिंगच्या आधी एकच प्रश्न, आणि तो चुकला तर ब्रेक खरोखर फेकावा लागेल : आत कोणतं तेल आहे? शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांच्यात मिनरल ऑइल असतं. स्रामच्या बहुतेक ब्रेकमध्ये, तसंच हेस आणि होपमध्ये डॉट फ्लुइड असतं. पण स्रामच्याच डीबी ८ आणि मेव्हन या मालिकांत मिनरल ऑइल आहे, म्हणून नावावर जाऊ नका, लिव्हरवर छापलेलं वाचा. एकाच्या जागी दुसरं गेलं की रबरी सीलं फुगतात आणि सगळी खराब होतात. डॉट ४ आणि ५.१ एका कुळातले, पण डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते इथे चालत नाही. डॉट हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो : डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सिअस, पाणी शिरल्यावर १५५. म्हणून ते दरवर्षी बदलावं आणि उघडी बाटली जपून ठेवू नये. ते रंग खातं आणि कातडीला झोंबतं, हातमोजे आणि चष्मा घाला, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

शिमानो पद्धतीच्या ब्रेकचं काम असं चालतं. चाक आणि पॅड दोन्ही बाहेर, कॅलिपरमध्ये ठोकळा, लिव्हर आडवा समतल. लिव्हरच्या वरचा छोटा स्क्रू काढून तिथे फनेल बसवा. कॅलिपरच्या निपलला (तेल सोडायचं छोटं तोंड) नळी लावून तेल भरलेली सिरिंज जोडा, निपल पाव फेरा उघडा आणि तेल खालून वर ढकला. हवा स्वभावतः वर जाते, तिला तिच्याच वाटेने जाऊ द्यायचं. फनेलमध्ये आधी काळपट तेल येतं, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेल. निपल बंद करा. यानंतरची दहा मिनिटं घाईत लोक सोडून देतात : नळीवर लिव्हरपर्यंत बोटाने टिचक्या मारत जा, कॅलिपरवर प्लॅस्टिकच्या मुठीने ठोका, लिव्हर हलके हलके हलवा. मोहरीएवढा बुडबुडा नळीच्या वळणात अडून बसलेला असतो आणि टिचकीने अचानक सुटून फनेलमध्ये वर येतो. लिव्हर थोडा खाली, थोडा वर असा कलवून पुन्हा हलवा, आणखी निघतील. शेवटी लिव्हर दाबून धरा आणि निपल अर्ध्या सेकंदासाठी उघडून बंद करा, दोनतीनदा. तळाशी दडलेली हवा दाबाने बाहेर पडते. फनेलला बूच लावून तो काढा, तेल काठोकाठ असतानाच स्क्रू बसवा. स्रामला दोन सिरिंज लागतात आणि तोंडं वेगळी असतात, पण तत्त्व हेच. काम संपल्यावर सगळं अल्कोहोलने पुसल्याशिवाय पॅड आणि डिस्क जवळ आणू नका. लिव्हरचं अंतर ठरवणारा स्क्रू फिरवून मऊपणा झाकायचा प्रयत्न करू नका, त्याने लिव्हर बोटांपासून लांब जातो, हवा तिथेच राहते.

आता गळतीचं. पॅडची पाठ ओली निघाली, पिस्टन पुसून अर्ध्या तासाने पुन्हा ओला झाला, तर दुरुस्ती कंपनीवर अवलंबून आहे. होप आणि स्राम पिस्टन-सीलचं किट देतात. शिमानो कॅलिपरचं सील सुटं विकत नाही, तिथे कॅलिपरच बदलायचा. फक्त कॅलिपर बदलता येतो, लिव्हर चांगला असेल तर तो ठेवा. मात्र एका कंपनीचा लिव्हर आणि दुसरीचा कॅलिपर जोडू नका. तेल एकच असलं तरी पिस्टनांचं प्रमाण जुळत नाही. जोडणीच्या नटाजवळ तेल दिसत असेल तर घाबरू नका, तिथे बहुधा नवं ऑलिव्ह (नटाखाली दबून नळी पकडणारी छोटी रिंग) बसवून काम भागतं. लिव्हर दाबून धरल्यावर सरकतो आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर लिव्हरच्या आतलं सील गेलंय, आणि लिव्हर बदलणं आलं.

बदलायचंच ठरलं तर खरेदीपूर्वी फ्रेमवरचा माउंट, म्हणजे कॅलिपर बसवायची जागा, बघा. पोस्ट माउंटमध्ये बोल्ट डिस्कच्या पात्याला समांतर जातात आणि दोघांत ७४ मिलिमीटर अंतर असतं. आयएस माउंटमध्ये बोल्ट आडवे, एक्सलच्या दिशेने जातात आणि अंतर ५१. डिस्कचा आकार डिस्कवरच छापलेला असतो, १६०, १८० किंवा २०३ मिलिमीटर, आणि कॅलिपर व माउंट यांच्यामधला अडॅप्टर त्याला जुळणारा हवा. मोठी डिस्क लावायचा मोह झाला तर फोर्क आणि फ्रेमची कमाल मर्यादा आधी वाचा. डिस्क नवी घेतली असेल तर हबवर सहा बोल्ट आहेत की सेंटरलॉक (मधल्या एका रिंगने डिस्क धरणारी पद्धत) तेही बघा. सहा बोल्ट चांदणीच्या क्रमाने आवळतात, समोरासमोरचे एकामागून एक, आणि डिस्कवरचा बाण चाकाच्या दिशेने हवा. सेंटरलॉकची रिंग ४० न्यूटन-मीटरला आवळतात, हाताच्या अंदाजाने तेवढा जोर कुणी लावत नाही.

नव्या ब्रेकची नळी लांब येते. कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ताण यायला नको. कापायची ती काटकोनात, नळी कापायच्या कटरने. पक्कडीने कापलेली नळी चेपते आणि तिथून गळते. नळीच्या तोंडात ठोकायचा इन्सर्ट आणि ऑलिव्ह दर वेळी नवे. जुनं ऑलिव्ह एकदा दबलं की पुन्हा तसं बसत नाही. आधी रबरी बूट आणि मग नट नळीवर चढवायचा, मग ऑलिव्ह, मग इन्सर्ट ठोकायचा. क्रम चुकला की पुन्हा कापावं लागतं. नळी फ्रेमच्या आतून जात असेल तर जुनी ओढून काढण्याआधी नवी तिच्या टोकाला जोडा आणि दोन्ही एकत्र ओढा.

केबलवरच्या डिस्क ब्रेकबद्दल दोन वाक्यं, कारण हा प्रश्न वाचणाऱ्या अनेकांकडे तेच असतील. त्यात सहसा एकच पॅड हलतो आणि डिस्कला दुसऱ्या स्थिर पॅडवर वाकवून दाबतो, म्हणून स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने डिस्कच्या अगदी जवळ आणून ठेवावा लागतो. नुसती केबल ताणत गेलात तर हलणारा हात आधीच अर्ध्यावर फिरलेला राहतो आणि जोर संपतो.

सगळं बसल्यावर लिव्हर दाबून तो रबरबँडने हँडलला बांधा, कॅलिपर आणि जोडणीच्या खाली पांढरा कागद ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद कोरडा आणि लिव्हर रात्री होता तिथेच असेल तरच बाहेर काढा. मग मोकळ्या सपाट जागेत नवे पॅड बसवून घ्या : मध्यम वेग घ्या, एकच ब्रेक ठाम दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक लॉक होऊ देऊ नका, पूर्ण थांबू नका, सोडा, पुन्हा वेग घ्या. असं वीसेक वेळा, मग दुसऱ्या ब्रेकसाठी तितकंच. पहिल्या चारपाच वेळा ब्रेक लागतच नाही असं वाटेल, मग पकड वाढत जाईल. पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढतो आणि पकड त्यातूनच येते. यानंतरही ओल्या डिस्कवर पहिल्या दाबाला थोडा आवाज आला आणि पाणी उडाल्यावर थांबला, तर ते सोडून द्या. कोरड्यात तो पुन्हा सुरू झाला, तर मात्र पॅड काढून त्यांची पाठ परत बघा.